कथेतले गाव कसे उभे करावे: नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

‘वातावरणनिर्मिती उत्तम साधली आहे’ हे वाक्य मराठी परीक्षणांत इतक्या सहजपणे येते की, नव्याने कथा लिहू लागलेल्या मंडळींचा त्यातून एक गैरसमज होऊन बसतो. त्यांना वाटते, वातावरणनिर्मिती म्हणजे कथेच्या आरंभी घालायचा एक परिच्छेद, ज्यात सूर्य मावळावा, पाखरे घरट्याकडे परतावीत, देवळातली घंटा वाजावी आणि मग पात्रांनी प्रवेश करावा. नागपुरातील नवोदितांची हस्तलिखिते मी गेली काही वर्षे वाचते आहे. त्यांतील बऱ्याच कथांत नागपूर पहिल्या परिच्छेदात भेटते आणि त्यानंतर कुठे गेले ते शेवटपर्यंत कळत नाही.

या लेखात मी पायरीपायरीने जे सांगणार आहे, त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कथेतील स्थळ आणि काळ पात्राला काय करू देतात आणि काय करू देत नाहीत, यावरूनच ते कथेत खरोखर आहेत की नाहीत हे ठरते. वर्णन किती सुंदर आहे, याला त्यानंतरचे स्थान आहे.

हे मला उमजले ते माझ्याच फजितीतून. माझ्या सुरुवातीच्या एका कथेत नागपूरच्या इतवारीतील एक विवाहिता मे महिन्यात दुपारी दोन वाजता कडेवर मूल घेऊन घर सोडते, ओट्यांवर बसलेल्या शेजारणी तिला पाहतात आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर कुजबुज होते, असा प्रसंग होता. एका दिवाळी अंकाकडून कथा साभार परत आली. मग ती इतवारीत चाळीस वर्षे संसार केलेल्या माझ्या आत्याने वाचली आणि चष्मा काढून विचारले, ‘मे महिन्यात दुपारी दोनला ओट्यावर कोण बसते गं? अन् बसलेच असते कोणी, तर त्या बाईला पोट्टं घेऊन तशा उन्हात जाऊ दिले असते का? आत ओढून पन्हे पाजले असते.’ पारा पंचेचाळीस अंशांपुढे गेलेल्या शहरात त्या वेळी गल्ली ओस असते, दारे लोटलेली असतात आणि घराघरांतून फक्त कूलरचा आवाज येत असतो. म्हणजे माझ्या नायिकेला कोणी पाहणे शक्य नव्हते. उलट, कोणी पाहणार नाही म्हणूनच तिने ती वेळ निवडली असती. मग कुजबुज सुरू कोण करणार? बराच विचार केल्यावर समोरच्या घराच्या खिडकीशी शिडी लावून कूलर दुरुस्त करणारा एक मुलगा मला सापडला, आणि त्याने पाहिलेले सांगावे की न सांगावे, हीच पुढे कथा झाली. त्या दुपारने माझा आधीचा प्रसंग मोडला आणि त्याच्या बदल्यात मला अधिक चांगला प्रसंग दिला.

आधी गल्ली आणि वेळ ठरवावी

‘ही कथा नागपुरात घडते’ एवढे ठरवून भागत नाही. महाल भागातील जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहणारे कुटुंब, सिव्हिल लाइन्समधील सरकारी बंगला, मोमीनपुऱ्यातील दुकानामागचे घर आणि शहराच्या कडेला शेत विकून उभ्या राहिलेल्या लेआउटमधील अर्धवट बांधलेले घर, ही चार वेगवेगळी जगे आहेत. एकात भिंतीला भिंत लागून असल्यामुळे भांडण लपत नाही. दुसऱ्यात फाटकापासून दारापर्यंतचे अंतरच एवढे असते की, पाहुण्याला परत फिरायला वेळ मिळतो. आपल्या कथेला कोणते अंतर हवे आहे, हे आधी पाहावे.

वेळेचेही तसेच. ‘उन्हाळा’ म्हणू नये. नवतपातील दुपार आहे, की पहिल्या पावसानंतरची उकडणारी रात्र, हे ठरवावे. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यापासूनचे, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस हा नवतपा. त्या दिवसांतील कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, कारण गवताच्या ताट्यांतून झिरपणारे पाणी वाफ होताना हवेतील उष्णता शोषून घेते. जूनच्या मध्याला पाऊस येतो, हवेत दमटपणा वाढतो आणि तोच कूलर नुसती चिकचिक करू लागतो. माणसांचे स्वभावही त्या पंधरवड्यात बदलतात. भांडणाचा प्रसंग कोणत्या आठवड्यात घालावा, याचा निर्णय एवढ्या एका यंत्रावरून घेता येतो.

मग नकारांची यादी करावी

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरलेली पायरी हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर आपल्या मुख्य पात्राला या जागी, या वेळी काय करता येत नाही, ते लिहून काढावे. रस्ते, इमारती, झाडे यांची वर्णने या कागदावर नकोत. फक्त अडचणी लिहाव्यात.

समजा, महालातील त्याच दोन खोल्यांच्या घरात एक सून आहे. तिने आपल्या बांगड्या गहाण ठेवल्या आहेत आणि ही गोष्ट तिला माहेरी भावाला फोनवर सांगायची आहे. सासरे, ज्यांना आपल्याकडे मामाजी म्हणतात, दिवसभर पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असतात. आता यादी अशी होईल: तिला दार लावून बोलता येत नाही, कारण दार लावले की प्रश्न येतो. गच्चीवर जाता येत नाही, कारण दुपारी गच्ची पाय ठेवू देत नाही. मागच्या खोलीत बोलता येत नाही, कारण तिथे मुले झोपली आहेत. संध्याकाळपर्यंत थांबता येत नाही, कारण संध्याकाळी नवरा येतो. एवढी दारे बंद झाल्यावर एकच जागा उरते, ती म्हणजे कूलरचे तोंड. तिथे उभे राहून बोलले, तर खोलीत कोणालाच नीट ऐकू जात नाही. मात्र तिचे बोलणे भावालाही ऐकू जावे म्हणून तिला आवाज चढवावा लागतो. आणि लाइट कधीही जाऊ शकते.

या शेवटच्या दोन वाक्यांत प्रसंग आपोआप तयार झाला आहे. तो मी शोधून काढलेला नाही. यादीने तो हातात दिला. लिहिल्यावर तो काहीसा असा दिसेल:

‘सुमनने मोबाइल कानाशी दाबला आणि ती कूलरच्या अगदी तोंडाशी जाऊन उभी राहिली. ओल्या हवेने पदर फडफडत होता. “ऐकू येऊन राहिलं का दादा?” ती ओरडली. “बांगड्या सोडवायच्या आहेत, पण नुसतं व्याजच...” पंख्याची घरघर एकदम खाली आली. “...तीन हजार झालं!” उरलेले शब्द तिने त्याच चढ्या आवाजात पूर्ण केले आणि ते साऱ्या खोलीला ऐकू गेले. मामाजींनी पेपरची घडी घातली. ताटीवरचे पाणी थेंबाथेंबाने टाकीत पडत राहिले.’

यात ऊन रणरणत असल्याचा उल्लेख नाही, नागपूर हा शब्दही नाही. तरीही हा प्रसंग कुलू-मनालीत नेता येणार नाही, आणि मुंबईतही तो असाच राहणार नाही, कारण तिथल्या दमट हवेत असा कूलर उपयोगाचा नसतो. स्वतःच्या कथेची परीक्षा अशीच करावी: हस्तलिखितात जिथे जिथे ‘नागपूर’ आहे, तिथे ‘नाशिक’ लिहून पाहावे. काहीच बिघडत नसेल, तर ते गाव कथेत अजून आलेले नाही असे समजावे.

पंचांग आणि कॅलेंडर जवळ ठेवावे

नवोदितांच्या कथांत सर्वाधिक चुका तिथींच्या बाबतीत होतात. पोळ्याच्या रात्री चांदण्यात अंगणात बसलेली जोडपी मी किमान तीन कथांत पाहिली आहेत. पोळा श्रावण अमावस्येला असतो. त्या रात्री चांदणे कुठून आणणार? ज्या वाचकाच्या घरी बैल होते, तो या वाक्याशी थबकतो आणि मग तुमच्या पुढच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

उलट, तिथी नीट पाळली तर ती कथेला कामाला येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा करतात आणि त्याच दिवशी जुन्या शहरातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे अनिष्टाचे प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत लोक महागाईपासून रोगराईपर्यंत सगळे तिच्या गळ्यात घालतात. त्या दिवशी इतवारी-महालातून कोणालाही घाईने कुठे जाता येत नाही. तुमच्या पात्राला त्याच दिवशी तिथूनच बाहेर पडायचे असेल, तर गर्दी आपोआप कथानकात शिरते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते. तेव्हा मोर्चे, बंदोबस्त आणि बंद केलेले रस्ते यांचा हाच उपयोग करता येतो.

शेतीची दिनदर्शिका याहून कडक असते. काटोल-नरखेडकडील संत्र्याच्या बागेतील कथा लिहायची, तर आंबिया बहर आणि मृग बहर यांतला फरक माहीत हवा. आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे दिवाळीच्या आसपास तोडणीला येऊ लागतात. मृगाची फुले पावसाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि फळे पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. बहर धरण्यासाठी बागेला आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे तिचे पाणी तोडावे लागते. विहिरीत पाणी असूनही झाडे मुद्दाम तहानलेली ठेवणारा शेतकरी, हे चित्र बाहेरच्या माणसाला क्रूर वाटेल. शेतकऱ्याच्या घरी आलेला शहरी जावई रात्री उठून मोटार सुरू करतो आणि सासऱ्यांचा अख्खा बहर घालवतो, अशी कथा मला कोणीतरी लिहिलेली वाचायला आवडेल.

काळ मागे नेणार असाल, तर

जुन्या काळातील कथेत केवळ टांगा आणि कंदील आणून काळ उभा राहत नाही. त्या वर्षी माणसांपुढे कोणता प्रश्न होता, ते पाहावे लागते. १९५६ सालचे नागपूर घ्या. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी असलेले हे शहर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. म्हणजे त्या शरद ऋतूत एका वस्तीत माणसे घरातील देव्हाऱ्यासंबंधी निर्णय घेत होती, तर दुसऱ्या वस्तीत सचिवालयातील कारकुनांच्या घरी भोपाळ की मुंबई याची चर्चा चालली होती. या दोन वस्त्यांमधला एखादा दूधवाला, शिक्षक किंवा पोस्टमन कल्पून पाहा. कथा तिथून फार दूर नाही.

लहान तपशिलांतही सावध राहावे. त्या वर्षी रुपयाचे सोळा आणे होते; शंभर नव्या पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून आला. वजनातही शेर आणि तोळे होते. किलो-ग्रॅम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले. १९५६ मध्ये पात्राने किलोभर साखर वीस पैसे कमी देऊन आणली, की एका वाक्यात दोन चुका झाल्या.

माहिती कुठे मिळेल? नागपूर जिल्ह्याचे १९०८ सालचे इंग्रजी गॅझेटिअर पिके, जाती-जमाती, बाजार यांसाठी अजूनही उपयोगी आहे, मात्र ते राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेले आहे हे विसरू नये. १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, वस्तू डोळ्यांनी पाहण्यासाठी चांगला. जुनी वृत्तपत्रे चाळताना बातम्यांपेक्षा जाहिराती वाचाव्यात. लोक काय विकत घेत होते आणि त्यांना कशाची लाज वाटत होती, हे तिथे कळते. सर्वांत चांगले साधन अर्थातच घरातील म्हातारी माणसे. त्यांना ‘तेव्हाचे नागपूर कसे होते?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘फार छान होते’ एवढेच येते. ‘लग्नाच्या आदल्या रात्री पाणी कुठून भरले?’ असे विचारावे.

बोली हीसुद्धा जागाच आहे

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद नागपुरी बोलीत, ही सोपी वाटणी बहुतेकांना पुरते. अडचण येते ती प्रमाणाची. प्रत्येक वाक्यात ‘काहून बे’ आणि ‘राज्या’ पेरले की पात्र नाटकातल्या विनोदी नोकरासारखे बोलू लागते. नागपुरीची खरी खूण क्रियापदात असते: ‘येऊन राहिला’, ‘करून राहिली’. तेवढी एक लकब धरली, तरी पुरते. शिवाय शहरात सगळे एकसारखे बोलत नाहीत. इतवारीतील व्यापारी गिऱ्हाइकाशी हिंदीत आणि मुनिमाशी मारवाडीत बोलेल, तर शिकलेला मुलगा आईशी बोलीत आणि साहेबांशी पुस्तकी मराठीत. पात्र कोणत्या क्षणी भाषा बदलते, हे दाखवले की बरेच काही सांगून होते.

परक्या वाचकासाठी शब्दाचा अर्थ कंसात देऊ नये. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि पुण्याचा वाचक त्यावर इडली शोधू लागतो, हे खरे आहे. पण ‘तिने सांबाराची जुडी सोडली आणि पिवळी पाने निवडून बाजूला टाकली’ असे लिहिले की, कोणालाच काही समजावून सांगावे लागत नाही.

जग पूर्ण कल्पित असेल, तर

काही नवोदितांना वाटते की अद्भुत किंवा विज्ञानकथा लिहिताना हे सगळे नियम सुटतात. प्रत्यक्षात ते अधिक घट्ट होतात, कारण वाचकाच्या ओळखीचे काहीच तिथे नसते. रामटेक नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हाच डोंगर, असे परंपरेने मानले जाते. त्या काव्यातील अलका ही कुबेराची नगरी, कोणीही न पाहिलेली. पण तिथे पोहोचेपर्यंत मेघाला नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशा ठाऊक असलेल्या वाटेने नेले आहे. उज्जयिनीसाठी तर वाट वाकडी करायलाही सांगितले आहे. एवढी खरी भूमी पायाखालून गेल्यावर अलका खोटी वाटत नाही. नवशिक्यांसाठी ही रीत फार चांगली आहे: वाचकाला ओळखीच्या जागेवरून निघू द्यावे.

दुसरी रीत म्हणजे एकच नियम बदलावा आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत ओढावेत. समजा, एका गावात नवतपात नऊ दिवस सूर्य मावळतच नाही. आता आकाशाच्या रंगाचे वर्णन करत बसू नका. रोजंदारीवरच्या मजुराचा विचार करा. सूर्य मावळला नाही, म्हणजे दिवस संपला नाही. मग मालक नऊ दिवसांच्या कामाची एकच रोजी देईल का? तसे झाले, तर वेळ मोजणाऱ्याचे महत्त्व वाढेल. तळाला छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात सोडून ते बुडेपर्यंत एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे मोजण्याची आपली जुनी पद्धत त्या गावात पुन्हा सुरू होईल, आणि ते पात्र ज्याच्या ओसरीवर असेल, त्याला मालक लाच देऊ करील. छिद्र थोडे बुजवले की घटका लांबते. कोंबडे, चोर, पहारेकरी, उपास करणाऱ्या बायका, या सगळ्यांना हाच प्रश्न विचारत जावे. मात्र एकदा घातलेला नियम आपल्या सोयीसाठी मोडू नये. पाचव्या दिवशी नायकाला अंधार हवा झाला म्हणून अंधार पडला, तर वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

कागदावर किती उतरवावे

एवढी तयारी केल्यावर ती सगळी कथेत घालण्याचा मोह होतो. मलाही होतो, इतवारीच्या त्या कथेत कूलरच्या मोटारीवर मी पाऊण पान लिहिले होते आणि ते काढताना जिवावर आले. माझी पद्धत अशी आहे की, तपशील पात्राच्या गरजेतून आला तरच ठेवायचा. तहानलेल्या माणसाला माठ दिसतो, त्यावरची नक्षी दिसत नाही. उधारी थकलेल्या माणसाला तर्री-पोह्यांच्या ठेल्यावरील गर्दीतही वसुलीवालाच आधी दिसतो. तर्रीचा वास पर्यटकाला येतो. एका प्रसंगात असे दोन-तीन तपशील पुरेत. उरलेले वहीत राहू द्यावेत, ते पुढच्या कथेला लागतात.

वही मात्र स्वतंत्र ठेवावी. पहिल्या पानावर हाताने काढलेला नकाशा असावा, तो सुबक नसला तरी चालेल, पण नळ कुठे आहे, कोणाची खिडकी कोणाच्या दाराकडे उघडते आणि पात्राला घरापासून बसथांब्यापर्यंत किती मिनिटे लागतात, हे त्यात असावे. पुढच्या पानावर कथेतील दिवसांची तारीख आणि तिथी लिहावी. त्यानंतर नकारांची यादी. जागा खरी असेल, तर कथेतील वेळेलाच तिथे जाऊन किमान अर्धा तास उभे राहावे, फोटो काढण्याऐवजी आवाज आणि वास लिहून घ्यावेत, कारण फोटोत नेमके तेच येत नाहीत. मे महिन्यात जाणार असाल, तर डोक्याला दुपट्टा बांधून आणि पाण्याची बाटली घेऊन जा. परत आल्यावर त्याच संध्याकाळी पहिला प्रसंग लिहायला बसावे, वही अपुरी असली तरीही. त्यातील ज्या जागा रिकाम्या राहिल्या आहेत, त्या लिहिताना पात्र तिथे अडखळले की मग भरता येतात.